औषधाला साक्षीदार

आमच्या भद्रकालीतल्या चाळीत टीव्ही यायच्या आधी संध्याकाळची करमणूक म्हणजे शेजारच्या बाईंचं औषध पाजणं. नवऱ्याच्या पहिल्या बायकोची मुलगी त्या वाढवत होत्या. पोरीला खोकला झाला, तेव्हा ‘सावत्र आईनं काय पाजलं कोण जाणे’ असं कुणी म्हणू नये, म्हणून त्या तिला गॅलरीत बसवायच्या आणि सगळ्यांना हाका मारायच्या. “अहो वहिनी, बघून घ्या, बाटलीला चिकटवलेल्या कागदी पट्टीवरची एकच खूण उतरली, म्हणजे एकच डोस.” मग आधी स्वतः घोट घ्यायच्या आणि वाकड्या तोंडानं म्हणायच्या, “गोड आहे गं राणी.” राणी औषध गालात धरून कठड्यावरून थुंकायची. चारचौघांत रागवायची बाईंची हिंमत होत नसे. खोकला काही हटेना.

शेवटी सायखेड्याहून मुलीची आजी, म्हणजे गेलेल्या आईची आई, पाहणीला आली. त्या संध्याकाळी चाळ झाडून हजर. पोरीनं पिचकारी मारली ती थेट आजीच्या लुगड्यावर. बाईंचा तोल गेला. त्यांनी पोरीला मांडीत आवळलं, नाक दाबलं, डोस ओतला आणि ओरडल्या, “गिळ!”

पोरीनं गिळलं. मग बाईंना आजी दिसली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

आजी लुगडं झटकत म्हणाली, “माझी लेक बी अशीच पाजायची. आता दार लावून घे, बाई. ह्यांना काय कामधंदा नाय?”

दुसऱ्या संध्याकाळी सवयीनं आम्ही गॅलरीत जमलो, तर दार बंद. आतून “गिळ!” एवढंच ऐकू आलं, आणि आम्ही आपापल्या घरी भाजी चिरायला गेलो.