त्यांच्या नावाचं लॉगिन

कोल्हापूरच्या एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी नेटवर्क बघायला लागलो, तेव्हा सगळ्या स्विचना, म्हणजे कॉम्प्युटर आणि यंत्रं एकमेकांना जोडणाऱ्या खोक्यांना, मिळून एकच लॉगिन होतं आणि त्याचा पासवर्ड वॉचमनलाही पाठ होता. सेटिंग कुणी बदललं, हे कळायला मार्गच नव्हता. मी प्रत्येकाला वेगळं लॉगिन काढून दिलं. कुणी काय केलं त्याची नावानिशी नोंद व्हायला लागली. माझ्याबरोबर एक सहकारी होते, वयानं मोठे, रोज हातकणंगल्याहून यायचे. त्यांना फार बरं वाटलं. "आता एकाचं खापर दुसऱ्यावर फुटायचं न्हाय," म्हणाले.

मालकांच्या पुतण्याला मी फक्त बघण्यापुरतं लॉगिन दिलं होतं. त्याला तो अपमान वाटला. त्यानं सरळ या सहकाऱ्यांकडून त्यांचा पासवर्ड घेतला. त्यांनीच मला येऊन सांगितलं, "मालकाच्या घरचा माणूस. न्हाय कसं म्हणू?" मी पासवर्ड बदलायला निघालो, तर मॅनेजर साहेबांनी अडवलं. "ऱ्हाऊ दे की. घरचंच हाय ते."

मग एका दुपारी वजनकाटा बंद पडला. पाठोपाठ गेट. माल भरलेल्या गाड्या पार रस्त्यापर्यंत थटल्या, ड्रायव्हर शिव्या घालायला लागले. मुख्य स्विचचं सेटिंग कुणीतरी विस्कटून ठेवलं होतं. ते दुरुस्त करून मी नोंद उघडली. नाव सहकाऱ्यांचं. पण बदल झाला होता पुतण्याच्या लॅपटॉपवरून, तेही तिथंच दिसत होतं. आणि त्या वेळी सहकारी माझ्या शेजारी उभे राहून केबल तपासत होते.

मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन हे सगळं दाखवलं.

"लॉगिन कुणाचं हाय?" त्यांनी विचारलं.

"त्यांचं. पण साहेब..."

"मग झालं तर. पासवर्ड दिला कशाला?"

मालकांना भेटलो. त्यांनी ऐकून घेतलं, चहा पाजला आणि सहकाऱ्यांचा राजीनामा मागवला.

ते लॉगिन बंद करायचं काम माझ्याकडंच आलं. सहकारी खुर्ची ओढून शेजारी बसले. मी उगाच लॉगिनची यादी खालीवर करत राहिलो. "करा की," ते म्हणाले, "कोण तरी करणारच." मी केलं. त्यानंतर पुतण्याला पूर्ण अधिकार द्यायचा हुकूम आला, तोही पाळला. बाकीचे मला म्हणायला लागले, "आमच्या नावावर लॉगिन-बिगिन काय नको, बाबा."

परवा मंगळवार पेठेत ते दिसले. एका दुकानात कॅमेरे बसवत होते. मला बघून शिडीवरून खाली आले, घाम पुसत हसले.

"घरात काय म्हणतात?" मी विचारलं.

"वडील अजून इचारत्यात, नेमकं काय केलंस म्हणून. लॉगिन म्हंजे काय, हेच त्यास्नी सांगायला येत न्हाय. चोरीच केली असंल, असं वाटतंय त्यास्नी."

"मी येतो. मी समजावून सांगतो."

"नको," ते म्हणाले. "तुम्ही साहेबास्नी पण समजावून सांगितलंसा की."

आणि परत शिडी चढले.