कंदिलावरची पिल्लं

कोंबड्या पाळणाऱ्याकडे अंडी असोत नसोत, किस्से मात्र हमखास असतात. ते कुणी मुद्दाम साठवत नाही. आपोआप साठतात, कोनाड्यात रिकाम्या बाटल्या साठाव्यात तसे. आमचं कोंबडी मंडळ बंद पडून जमाना झाला, पण आमच्यातले दोघं कुठंही भेटले, अगदी मयताला भेटले, तरी पाच मिनिटांत विषय तिकडेच. माझी बायको म्हणते, "तुमच्या कोंबड्या मेल्यावरही आरवतात!"

स्वातंत्र्यानंतरचे ते दिवस. वसईच्या आमच्या बाजूला केळीच्या वाड्या, पानवेली आणि वाडीवाडीत बावखलं, म्हणजे पाण्याची तळी. वीज यायची होती. सरकारी फार्मवरून पांढऱ्या लेगहॉर्न जातीची पिल्लं मिळायची, पण त्यांच्याबरोबर आई मिळायची नाही! आईच्या जागी पत्र्याची छत्री आणि तिच्याखाली पेटता कंदील. पिल्लं मोठी होतील तशी कंदिलाची सवय सोडवायची आणि त्यांना बाहेर काढायचं. ऐकायला सोपं आहे.

पहिली खेप रेमेतबायकडे होती. कंदील काढला त्याच रात्री सगळी पिल्लं गेली. रेमेतबाय विधवा. जन्मभर डोक्यावर टोपली घेऊन मुंबईला फुलं विकली, आता गुडघा गेला होता. अंड्यांवर घर चालेल, टोपली सुटेल, एवढी एकच आशा. दुसरी खेप देताना फार्मचे साहेब स्पष्ट बोलले, "बाई, ही बाहेर जगली तर पुढची देऊ. नाहीतर पिल्लं दुसऱ्या गावाला."

मी मंडळाचा चिटणीस. मला वाईट वाटलं, पण साहेबांचंही चूक नव्हतं.

*

पिल्लं ठेवायला इनासमामांनी आपली खोली दिली. इनासमामा म्हणजे रेमेतबायचे शेजारी, सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, करण्यात पटाईत. खोली कसली, तर केळी पिकवायची! बंद, उबदार, फट म्हणून नाही. मामांना वाटलं, ऊब ती ऊब. त्यांनी सवयीप्रमाणे कोपऱ्यात धुरी पेटवली आणि दार लावून घेतलं.

थोड्या वेळाने आतून शिंकांचा आवाज यायला लागला. कोंबडीचं पिल्लू शिंकतं, हे मला त्या दिवशी कळलं. आम्ही दार उघडलं, धूर घालवला, पिल्लं वाचली. साहेब कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो, पिल्लं आहेत ती! पिवळी दिसली म्हणून पिकवायची नसतात!"

*

साहेबांनी मग एक थर्मामीटर दिला. त्यावर लाल रेघ मारलेली. पारा रेघेपर्यंत ठेवायचा, बस्स.

पुढच्या भेटीला साहेबांनी छत्रीखाली हात घातला तर थर्मामीटर गायब! चौकशी केली तेव्हा कळलं, तो आळीत फिरतोय. कुणाच्या मुलीला ताप, कुणाच्या म्हाताऱ्याला कणकण. शेवटी सापडला तो इनासमामांच्या बगलेत.

साहेब भडकले. मामांनी शांतपणे थर्मामीटर काढून उजेडात धरला. पारा रेघेच्या किंचित वर!

"साहेब, उगाच घासलेट कशाला जालायचं?" मामा म्हणाले. "मीच बसतो ना आत!"

*

हळूहळू पिल्लांना पिसं फुटली. दिवसा कंदील बंद ठेवायला लागलो, काही अडलं नाही. मग साहेब म्हणाले, "आता संध्याकाळी काळोख पडायच्या सुमाराला कंदील विझवायचा."

आणि मंडळाचं काम ठप्प!

पलीकडच्या वाडीच्या यमुनाकाकू रोज पिल्लांना दाणा घालायला यायच्या. त्या दोन पावलं मागे सरल्या. "तिनीसांजेला दिवा मालवायचा? लक्ष्मी यायची वेल ती! मी नाय हात लावनार."

साहेबांनी रेमेतबायकडे पाहिलं. तेवढ्यात चर्चची घंटा झाली. रेमेतबायने कपाळावर क्रूस काढला आणि म्हणाली, "ह्या घंटेला आम्ही आल्तारावर, क्रुसापुढं दिवा लावतो साहेब. इझवत नाय."

साहेब पुण्याचे, शिकलेले. "काय हा अडाणीपणा! सरा, मी विझवतो." ते खाली बसले, कंदिलाची काच वर केली, तोंड पुढे नेलं. आणि तसेच थांबले. मग काच खाली केली, उठले, गुडघे झटकले.

"उद्या बघू," म्हणाले!

*

तोड काढली ती यमुनाकाकूंनी. दिवा विझवायचा नाही ना? मग तो पेटताच उचलून घरी न्यायचा. विझवल्याचं पाप नाही आणि पिल्लांना काळोख मिळतो. सगळ्यांना पटलं.

रेमेतबायने कंदील उचलला आणि घराकडे निघाली. पिल्लांची आई चालली! पिल्लं काय मागे राहतात? छत्रीखालून निघून सगळीच्या सगळी रांगेने तिच्यामागे. अंगण ओलांडलं, उंबरठा चढली आणि रोजरीच्या प्रार्थनेला बसलेल्या बायकांच्या मधोमध जाऊन, कंदिलाभोवती गोल करून बसली.

रोजरी पुरी झाली. इनासमामा मला हळूच म्हणाले, "आमच्या आलीत एवढी शांत मानसं नाय गावायची."

*

पुढे दिवसा पिल्लं बाहेर सोडायची होती, पण घारींची भीती. पाचूबंदरचे हरबा तांडेल मामांचे जुने दोस्त. त्यांनी मासेमारीचं जुनं जाळं आणून वाडीत ताणून दिलं. घार खाली येण्याची सोय राहिली नाही. तांडेलांना आम्ही चहा पाजला, कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर जाळ्याभोवती मांजरंच मांजरं! जाळ्याला वर्षानुवर्षांचा बोंबील-मांदेलीचा वास. आळीतली तर होतीच, अनोळखी मांजरंसुद्धा होती. रेमेतबाय काठी घेऊन दिवसभर गोल फिरत होती आणि तांडेलांच्या नावाने बोटं मोडत होती.

निरोप गेला तसे तांडेल आले. त्यांनी मांजरं पाहिली, मिशीवरून हात फिरवला.

"जालं आमचं हाय, बाय," म्हणाले. "टाकलं म्हंजे काय तरी गावनारच!"

मात्र जाळं सोडून बावखलात बुडवून धुऊन काढलं ते त्यांनीच.

*

शेवटी तो दिवस आला. वाडीत कुडाचं खोपटं बांधलेलं, पुढची बाजू उघडी, तिला जाळी. पिल्लांनी त्यात पहिली रात्र कंदिलाशिवाय काढायची. नेमका गार वारा सुटलेला. साहेब सकाळी येणार होते. मी त्यांना आणायला स्टेशनवर टांगा घेऊन जाणार होतो.

आदल्या संध्याकाळी रेमेतबाय माझ्याशी एरवीपेक्षा जास्त बोलली. पहिल्या खेपेला काय झालं, ते तिने त्या संध्याकाळी पहिल्यांदाच सांगितलं. ऊब गेली, काळोख पडला, पिल्लं घाबरली आणि एका कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढली. "थंडीने नाय मेली रे. एकमेकांच्या खाली गुदमरली. मी घरात निजले होते." मी उगाच म्हटलं, होईल सगळं ठीक.

सकाळी साहेबांना घेऊन आलो. रेमेतबायच्या घराला कडी. इनासमामांच्या घरात कुणी नाही. यमुनाकाकूंच्या वाडीवर हाक मारली, उत्तर नाही. आम्ही दोघं मागच्या अंगाने खोपट्याकडे गेलो आणि साहेबांनी मागचं दार ढकललं.

एका कोपऱ्यात रेमेतबाय, दुसऱ्यात इनासमामा, तिसऱ्यात यमुनाकाकू डोक्यावरून पदर घेऊन, चौथ्यात हरबा तांडेल घोंगडी पांघरून. चौघंही कोपऱ्याला पाठ लावून, पाय पोटाशी घेऊन घट्ट बसलेले. मधल्या जमिनीवर पिल्लं सुटी सुटी पसरून झोपलेली. एकावर एक म्हणून नाही.

साहेबांनी टोपी काढली. वाकून सगळीकडे पाहिलं, एकूण एक पिल्लू हलतंय याची खात्री केली. मग हळू आवाजात म्हणाले, "बाई, पुढची खेप तुमची. पण अहो, रात्रभर माणसं कशाला बसवायची? चार कोपऱ्यांत पेंढा कोंबला असता, तरी झालं असतं!"

रेमेतबायने गुडघा चोळत वर पाहिलं.

"पेंढा जागा ऱ्हातो काय, साहेब?"