चहाचा एक घोट

दुपारी चारला वॉर्डात चहा येतो. माझी बायको सुलभा एक घोट तोंडात घेते, डोळे मिटून घोळवते आणि मी धरलेल्या भांड्यात टाकून देते. तिला गिळायची परवानगी नाही. तळपायावरच्या काळ्या डागापासून सुरू झालेला कातडीचा कॅन्सर आतड्यात पोचला आणि आतडं बंद पडलं. नाकातल्या नळीतून हिरवं पाणी पिशवीत उतरत राहतं. ऑपरेशन झेपणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. भांडं धरणं, एवढंच काम माझ्या हातांना उरलंय.

स्वतःचा तळपाय माणसाला नीट दिसत नाही. तेवढं बघायचं काम तो विश्वासानं दुसऱ्यावर सोपवतो. सुलभा माझ्या मांडीवर पाय ठेवून विचारायची, "अहो, वाढलाय का हो डाग?"

"तेवढाच आहे," मी म्हणायचो. "तळपायावर तीळ म्हणजे प्रवासाचा योग."

तो वाढलेला मला दिसत होता. दवाखान्याचे हेलपाटे नको होते, बाकी काही कारण नव्हतं.

आज भांडं धरल्या धरल्या हे तिला सांगून टाकलं. वाटलं, निदान रागावेल तरी.

"माहीत होतं," ती म्हणाली. "तुम्हाला कुठं खोटं बोलता येतं?"

"मग तू एकटी का नाही गेलीस डॉक्टरकडे?"

तिनं पदरानं ओठ टिपले.

"तुम्ही चल म्हणाल, म्हणून थांबले होते."