तापवलेली गाडी

टपरीवर सोबत चहा पिऊन तो भिवापूरचा माणूस गाडी घेऊन गेला. मी जुन्या मोटारी विकायचो. घेण्याआधी त्यानं बॉनेटवर तळहात ठेवला, तापातल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा.

"बायकोले सकाळी धंतोलीच्या दवाखान्यात न्यायचं आहे गा. चालू होईन ना?"

"एका झटक्यात."

थंड असली की ती गाडी धक्का मारल्याशिवाय चालूच व्हायची नाही. म्हणून तो यायच्या आधीच मी ती तापवून ठेवली होती.

"तुमी सांगतलं म्हणजे झालं," म्हणत त्यानं हात जोडले. ते जोडलेले हात आठवले की अजून लाज वाटते.

माझी बायको तेव्हा होती. तिला मी सगळं सांगितलं, तापवल्याचं सोडून. सकाळी तिनं विचारलं, "त्या बाईले नेलं असन ना आता?"

मी हो म्हटलं आणि दाढी करायला बसलो.