थोरल्या हातचा जोगवा

आई संध्याकाळनंतर पाणी मागायची आणि आम्ही द्यायचो नाही. रात्री अंथरूण ओलं व्हायचं म्हणून हे मीच ठरवलं होतं. तिनं पाण्यासाठी स्वयंपाकघरात जाऊ नये म्हणून खोलीला बाहेरून कडीही मीच घालायचो. राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटवर कुणी आलं तर "ती झोपलीय" म्हणायचो. हात उगारत नव्हतो, औषधं वेळेवर देत होतो. तेवढ्यावर स्वतःला चांगला मुलगा समजत होतो. तरीही देवळात अंबाबाईपुढे उभा राहिलो की मन थाऱ्यावर नसे. शांती मागायचो, पण देवी आपलं ऐकत नाही, असं वाटे.

एका शुक्रवारी दिवेलागणीला एक अनोळखी बाई जोगवा मागत दारात आली. हातात परडी, कपाळभर हळदकुंकू. बायको बाजारात गेली होती, म्हणून मीच वाटीभर पीठ नेलं. तिनं परडी मागं घेतली.

"दादा, घरातल्या थोरल्या बाईच्या हातनं घेत्यात ह्ये. न्हाईत व्हय त्या?"

"आहे. पण तिला बरं नाही."

"मग बसल्या जागी देऊ द्या की. आजारी नातवासाठी पाच घरांचा नवस हाय, ह्ये पाचवं."

नेहमीचं खोटं जिभेवर आलं नाही. मी कडी काढली. आई आतून सगळं ऐकत खाटेवर बसून होती, ओठ सुकलेले. मागोमाग आलेल्या बाईनं कडीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, पण बोलली आईशीच.

"पाणी प्यालासा न्हवं?"

"न्हाय गं. चादर भिजती माझ्यानं."

"भिजंना का. आमच्या सासूनं तर गादीचा रंकाळा तलाव केलता."

आई हसली. ते हसू मी कितीतरी दिवसांनी ऐकत होतो. मी तांब्या आणला. ती पोटभर प्यायली, मग ओंजळीनं परडीत पीठ घातलं. "नातू बरा हुईल तुझा," म्हणाली. बाई तिच्या पाया पडून गेली. ती कोण, कुठली, मी कधी शोधलं नाही.

त्याच रात्री मी आईची माफी मागितली. "बरं, च्या टाक आधी," एवढंच ती म्हणाली.

आईचं म्हातारपण माझ्या सोयीत बसवायचा हट्ट तेव्हा सुटला, आणि इतकी वर्षं मागत असलेली शांती न मागता आली. आता तिच्या उशाशी भरलेला तांब्या असतो. सकाळी चादर कधी कोरडी असते, कधी ओली. ओली असली की धुऊन गच्चीवर वाळत घालतो आणि तिथूनच देवळाच्या दिशेला हात जोडतो.