तिसऱ्यांदा आठचा आकडा

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी मोपेड शिकायला घेतली. बमरोलीत आमच्या घरी साड्यांना लेस लावायचं काम चालतं. तयार साड्यांचा गठ्ठा मार्केटला पोचवायला दर वेळी रिक्षावाल्याच्या मागे लागावं लागायचं, त्याचा मला कंटाळा आला होता. संध्याकाळी लूमच्या कारखान्यातून आलेल्या मिस्टरांनी चहा पिता पिता विचारलं, "तुले जमी का?"

"जमी. नही जमनं ते पुन्हा करसू," मी म्हटलं.

कॉलेज सुटल्यावर लेक मला मिलमागच्या मैदानात शिकवायची. पहिल्याच दिवशी मी ब्रेक सोडून रेस पिळली आणि थेट बाभळीच्या झुडपात गेले. लेक माझ्या हातातले काटे काढत हसत होती. मलाही हसू आवरेना.

लायसन्ससाठी आठच्या आकड्यासारख्या ट्रॅकवर गाडी फिरवावी लागते. पाय जमिनीला टेकला की नापास. माझा पहिल्याच वळणावर टेकला. "बेन, पग अडी गयो," आरटीओच्या खिडकीतला माणूस गुजरातीत शांतपणे म्हणाला. दुसऱ्या खेपेला शेवटचं वळण तेवढं राहिलं होतं, तिथे टेकला. त्या दिवशी मी रडले नाही, पण भाजीत मीठ दोनदा पडलं.

मग मैदानात चुन्याने आठ आखला आणि रोज सकाळी फेऱ्या सुरू केल्या. एकदा लेक म्हणाली, "आई, तू सारखी पुढच्या चाकाकडे बघतेस." तेव्हा मला माहेरची विहीर आठवली. डोक्यावर दोन हंडे घेऊन चालताना मी कधी पायाकडे बघितलं नव्हतं. नजर लांब घराच्या दाराकडे असायची. तशीच नजर पुढे ठेवली आणि गाडी अलगद वळली.

तिसऱ्या खेपेला पास झाले. मिस्टर जिलेबी घेऊन आले आणि अर्धी गल्लीत वाटली.

त्यानंतर गंमतच झाली. गल्लीतल्या बायका गाडी शिकायला माझ्याकडे येऊ लागल्या. पहिल्याच फेरीत पास झालेली एक सूनबाई शेजारीच राहते, पण तिला विचारलं तर ती म्हणते, "चालवली आणि झालं." मी मात्र कुठे तोल जातो, कुठे घाबरायला होतं, पडल्यावर हात कसा झटकायचा, सगळं सांगू शकते. चुकून चुकून माझ्याजवळ एवढं जमलंय, हे मला तोपर्यंत ठाऊकच नव्हतं.

आजवर चौघी पास झाल्या. पाचवी परभणीकडची, समोरच्या खोलीतली. गेल्या आठवड्यात ती परीक्षा देऊन परत आली, ती हसतच.

"ताई, नापास झाले. पण शेवटच्या वळणापर्यंत गेले बघा."

"पहिल्याच वेळी?" मी म्हटलं. "मग तू माझ्या पुढे आहेस."

तिने चहा घेतला आणि आम्ही दोघी मैदानावर गेलो.