एकही थांबा नाही

धुळ्यात आमच्या गल्लीत राहणाऱ्या आबांनी उभं आयुष्य धुळे-जळगाव एसटी चालवली. निवृत्त होऊन वर्षं झाली, पण त्यांचा पाय अजून नोकरीवरच आहे. माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून ते रस्ता बघतात आणि समोरून ट्रक जोरात आला, की उजवा पाय फरशीवर दाबून ब्रेक मारतात.

परवा दुपारी त्यांची नात पहिल्यांदाच विमानाने मुंबईहून लंडनला निघाली. मी त्यांना मोबाइलवर विमानाचा नकाशा लावून दिला; त्यावर तिचं विमान पिवळ्या रंगात सरकताना दिसत होतं. सात हजारांवर किलोमीटर, नऊ-दहा तास, असं सांगितलं. अंतराचं त्यांना काही वाटलं नाही. एवढं ते महिन्या-दीड महिन्यात चालवायचे.

"मझार थांबा कोठे शे?" त्यांनी विचारलं.

"मधे थांबा नाही, आबा. थेट जातं."

"बठ्ठा रस्तामा एक बी नही? मंग बिघडनं ते उतरीसन धक्का कोन मारी?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

थोड्या वेळाने अरबी समुद्रावर ते पिवळं विमान नकाशावरून एकाएकी नाहीसं झालं.

"रेंज गेली असेल, आबा. खाली समुद्र आहे ना."

त्यांचा उजवा पाय दाबला गेला, आणि वर उठेचना. मागवलेल्या चहावर साय धरली. गिऱ्हाईक आलं म्हणून मी उठायला गेलो, तर माझाही उजवा पाय फरशीवर घट्ट दाबलेला.

मला तर गाडी चालवताच येत नाही.